उंदीर नसलेली बेटं शोधा : पॅसिफिकच्या जहाजावरून पक्षीनिरीक्षण

पॅसिफिक महासागरातल्या बेटांच्या क्रूझची माहितीपत्रकं निळ्याशार लगूनच्या फोटोंनी भरलेली असतात. पक्ष्यांसाठी जायचं असेल तर ती बाजूला ठेवा आणि कंपनीला पहिला प्रश्न वेगळाच विचारा : तुमचं जहाज ज्या बेटांवर थांबतं, त्यांपैकी कोणत्या बेटांवर उंदीर नाहीत?

प्रश्न विचित्र वाटेल, पण तिथल्या पक्ष्यांचं सगळं गणित त्यावरच चालतं. ही बेटं ज्वालामुखीतून किंवा प्रवाळातून भर समुद्रात वर आली. कोणत्याही खंडाशी ती कधी जोडलेली नव्हती, त्यामुळे जमिनीवरून फिरणारा शिकारी सस्तन प्राणी तिथे पोहोचलाच नाही. पक्षी निर्धास्तपणे जमिनीवर अंडी घालू लागले, काहींनी उडणंच सोडून दिलं. मग माणसं आली. पॉलिनेशियन लोकांच्या होड्यांतून लहान चणीचा पॉलिनेशियन उंदीर आला आणि नंतर युरोपीय जहाजांतून काळा उंदीर. हा काळा उंदीर म्हणजे मूळचा आपल्याच उपखंडातला, आपल्याकडे माळ्यावर खुडबुडणारा घरउंदीर. तो झाडावर सराईतपणे चढतो, म्हणून उंच फांदीवरचं घरटंही त्याच्या तावडीतून सुटत नाही.

मार्केसस द्वीपसमूहातल्या फातू हिवा बेटावर तो २००० साली आढळला. फातू हिवा मोनार्क हा आपल्या स्वर्गीय नर्तकाच्या कुळातला काळा पक्षी जगात फक्त त्या एका बेटावर आहे. उंदीर आल्यावर तो भराभर घटला आणि आज मोजक्या जोड्यांवर येऊन ठेपला आहे. त्याच द्वीपसमूहातल्या उआ हुका बेटावर काळा उंदीर नाही. तिथे निळ्या-पांढऱ्या रंगाचा अल्ट्रामरीन लोरिकीट हा चिमुकला पोपट नारळाच्या बागांतून अजूनही आरामात दिसतो. समुद्र तोच, हवामान तेच आणि झाडंही बरीचशी तीच. म्हणून बेट कितीही देखणं असलं, तरी मार्ग ठरवताना त्याचा उंदरांचा इतिहास आधी पाहायचा.

मार्ग कोणता निवडावा

उष्णकटिबंधीय पॅसिफिक अफाट आहे आणि एका सहलीत तो सगळा पाहू म्हणणाऱ्याच्या हाती फार थोडं लागतं. मी इथे फ्रेंच पॉलिनेशिया आणि त्याच्या आग्नेयेला असलेल्या पिटकेर्न बेटांबद्दलच लिहितो आहे. फ्रेंच पॉलिनेशियात सुमारे १२० बेटं आहेत आणि ती एखाद्या खंडाएवढ्या समुद्रात विखुरलेली आहेत. ताहितीच्या पापीते बंदरातून मार्केसस बेटं जवळजवळ १,४०० किलोमीटर दूर आहेत. जहाजाला पर्याय का नाही, हे एवढ्यावरून लक्षात यावं.

पहिला पर्याय ‘आरानुई ५’ या जहाजाचा. निम्मं मालवाहू आणि निम्मं प्रवासी असलेलं हे जहाज पापीतेहून मार्केससला जाऊन सुमारे बारा दिवसांत परत येतं. वाटेत तुआमोतूच्या एखाद्या प्रवाळबेटावर थांबतं आणि मार्केससच्या सहाही वस्तीच्या बेटांना भेट देतं. सिमेंट, फ्रीज, मोटारी उतरवायच्या आणि सुकं खोबरं चढवायचं, हे त्याचं मुख्य काम. त्यामुळे कुठे किती वेळ थांबायचं ते माल ठरवतो, पक्षी नाहीत. तरीही उआ हुकाचा अर्धा दिवस नीट वापरला तर सहल सार्थकी लागते. गावातल्या सामूहिक कार्यक्रमातून आधी सांगून बाहेर पडा आणि स्थानिक वाटाड्या घेऊन सकाळीच दरीत शिरा. नुकु हिवा बेटावर ‘उपे’ पाहायचा. हे मार्केससचं मोठं फळखाऊ कबूतर, आपल्या पारव्याच्या दीडपटीहून मोठं. ते फक्त नुकु हिवावर उरलं होतं. २००० पासून काही पक्षी मुद्दाम उआ हुकावर नेऊन सोडले, कारण तिथे काळा उंदीर नाही. आज ते दोन बेटांवर आहे.

दुसरा पर्याय लहान मोहीम-जहाजाचा. शंभर-दीडशे प्रवाशांची ही जहाजं तुआमोतू, गांबिए आणि पिटकेर्न या क्रमाने पूर्वेकडे जातात आणि कधी पुढे ईस्टर बेटापर्यंत पोहोचतात. अशा फेऱ्या वर्षातून मोजक्याच होतात आणि महागही असतात. पण आयुष्यात एकदाच जाणं शक्य असेल, तर माझं मत निःसंशय याच मार्गाला. जगात दुसरीकडे कुठेही न दिसणारे कित्येक पक्षी या वाटेवर आहेत.

त्यातलं तेनारारो हे तुआमोतूच्या आग्नेय टोकाचं छोटं निर्मनुष्य प्रवाळबेट. तिथे उंदीर कधीच पोहोचले नाहीत. तुआमोतू सँडपायपर, म्हणजे स्थानिकांचा ‘तिती’, तिथे झाडीत आणि किनाऱ्यावर किडे टिपत हिंडतो. चिमणीपेक्षा थोडा मोठा, तपकिरी, आखूड चोचीचा. चिखलपक्ष्यांच्या कुळातला असूनही तो स्थलांतर करत नाही आणि माणसाला पाहून पळतही नाही. उलट काय आलंय ते पाहायला जवळ येतो. शांत बसून राहिलात तर बुटापर्यंत येतो, आणि मग दुर्बिणीतून तो फोकसही होत नाही. याच्या ताहितीतल्या भावंडाचा एकच नमुना जगात उरला आहे. कॅप्टन कुकच्या काळात गोळा केलेला तो नमुना नेदरलँड्समधल्या लायडनच्या संग्रहालयात आहे. ती जात केव्हाच संपली. तेनारारोवरच ‘तुतुरुरू’, म्हणजे पॉलिनेशियन ग्राउंड डव्ह दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त. जंगलाच्या जमिनीवर चालत फिरणारं हे छोटं कबूतर दोनशेच्या आतबाहेर उरलं आहे. शेजारच्या वाहांगा आणि तेनारुंगा बेटांवरून २०१५ मध्ये उंदीर हटवण्याची मोहीम झाली, ती या दोघांना राहायला जागा वाढावी म्हणूनच.

पिटकेर्नपासून सुमारे दोनशे किलोमीटरवर हेंडरसन बेट आहे. १९८८ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. समुद्रातून वर उचललं गेलेलं हे प्रवाळाचं पठार. त्यावर जमिनीवरच्या पक्ष्यांच्या चारच जाती आहेत आणि चारही फक्त तिथल्याच : न उडणारी काळी, लाल डोळ्यांची हेंडरसन क्रेक, एक फळखाऊ कबूतर, एक लोरिकीट आणि एक वटवट्या. मात्र हेंडरसनवर पॉलिनेशियन उंदीर आहेत. २०११ मध्ये हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष पसरून ते संपवायचा मोठा प्रयत्न झाला. क्रेकनी विष खाऊ नये म्हणून कित्येक क्रेक पकडून तेवढ्या काळापुरत्या पिंजऱ्यात सांभाळल्या होत्या. पण थोडे उंदीर वाचले आणि त्यांची संख्या पुन्हा पूर्वीवर गेली. जमिनीवरचे चार पक्षी त्यांच्यासोबत कसेबसे निभावून नेतात. पेट्रेल या समुद्रपक्ष्यांची पिल्लं मात्र उंदीर जवळजवळ सगळी खाऊन टाकतात. त्याच्याही पूर्वेला ड्युसी बेट आहे. तिथले उंदीर काढण्यात यश आलं आणि आज मर्फीज पेट्रेलची जगातली सर्वांत मोठी वसाहत त्याच बेटावर आहे.

ज्यांना गर्दीचा मार्ग नकोच, त्यांनी दक्षिणेकडच्या ऑस्ट्राल द्वीपसमूहातल्या रिमातारा बेटाचा विचार करावा. लाल छातीचा, जांभळी झाक असलेला कुल्स लोरिकीट तिथे टिकला. तिथल्या राणीने त्याला मारण्यावर बंदी घातली होती आणि काळा उंदीरही त्या बेटावर आला नाही. २००७ मध्ये तिथून सत्तावीस पक्षी कुक बेटांमधल्या आतिऊवर नेले गेले आणि तिथेही ते रुजले.

जाण्याआधी

मुंबईहून ताहितीला थेट विमान नाही. ऑकलंड, टोकियो किंवा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून जावं लागतं. भारतीय पासपोर्टवर युरोपचा शेंगेन व्हिसा फ्रेंच पॉलिनेशियात आपोआप चालत नाही. फ्रान्सच्या सागरापारच्या प्रदेशांसाठी वेगळा व्हिसा मागावा लागतो. वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसाही लागू शकतो. ही कामं जहाजाच्या आरक्षणाबरोबरच सुरू करा आणि जहाज सुटण्याच्या निदान दोन दिवस आधी पापीतेला पोहोचा. सामान मागे राहिलं, तर भर समुद्रात ते कोणी आणून देत नाही.

तिथे साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाचा, दमट काळ आणि मे ते ऑक्टोबर हा कोरडा काळ. कोरड्या काळात वारा जास्त, म्हणजे जहाज जास्त डुलतं. पण वारा असला की पेट्रेलही छान उडतात. वाऱ्याशिवाय ते पाण्यावर बसून राहतात आणि दिसतच नाहीत. अलास्कातून येणारे हिवाळी पाहुणे हवे असतील, तर सप्टेंबर-ऑक्टोबर किंवा मार्च-एप्रिल गाठा.

पापीतेत उतरल्यावर पहिला आवाज ओळखीचा येईल : साळुंकी. पाठोपाठ लालबुड्या बुलबुल. दोन्ही माणसांनी तिथे आणलेले. साळुंकी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आली आणि बुलबुल सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस. आपल्या अंगणात ते लोभस वाटतात. ताहितीच्या दऱ्यांत ते ‘ओमामाओ’च्या, म्हणजे ताहिती मोनार्कच्या घरट्यांना त्रास देतात. १९९८ मध्ये या मोनार्कचे बाराच पक्षी सापडले होते. ‘मानू’ या तिथल्या पक्षीसंस्थेने झाडांच्या खोडांना पत्रे ठोकून उंदीर अडवले, घरट्यांजवळच्या साळुंक्या आणि बुलबुल कमी केले आणि आता मोनार्कनी शंभरी ओलांडली आहे. जहाज सुटण्याआधी हाताशी एक दिवस असेल, तर तो हॉटेलच्या किनाऱ्यावर घालवू नका. मानूशी आधी संपर्क साधून, माहीतगार माणसाबरोबर दरीत जाता येतं का ते पाहा.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची न्या. दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण जमिनीवर छान, पण डुलणाऱ्या डेकवर तिच्यातलं चित्र स्थिर राहत नाही. स्पॉटिंग स्कोप घरीच ठेवा. इंजिनाच्या थरथरीमुळे तो निरुपयोगी ठरतो. कॅमेऱ्याला शंभर ते चारशेची झूम लेन्स पुरते आणि हातात धरून चालवण्याइतकी ती हलकीही असते. शटर स्पीड १/२००० सेकंदापेक्षा खाली आणू नका. पुस्तकं दोन. बेटांसाठी प्रॅट, ब्रुनर आणि बेरेट यांचं हवाई व उष्णकटिबंधीय पॅसिफिकच्या पक्ष्यांवरचं. समुद्रासाठी हॉवेल आणि झुफेल्ट यांचं २०१९चं सागरी पक्ष्यांवरचं. मर्लिन आणि ई-बर्ड या ॲप्सचे पॅक पापीतेतच उतरवून घ्या. पुढे इंटरनेटच्या भरवशावर राहता येत नाही.

सराव मात्र इथे कोकणातच करून जावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. हलत्या बोटीतून उडणारा पक्षी दुर्बिणीत पकडणं ही वेगळीच कला आहे आणि ती जहाजावर शिकायला घेतली तर पहिले मोलाचे दिवस वाया जातात. मालवण किंवा वेंगुर्ल्याहून ओळखीच्या मच्छीमाराबरोबर मोकळ्या समुद्रात जा आणि फक्त सुरय पाहा. वेंगुर्ला रॉक्सकडे गेलात तर विणीच्या हंगामात खडकांवर उतरू नका, बोटीतूनच पाहा. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्ष्यावर नजर ठेवायची आणि ती न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावायची, एवढंच घोटा. पावसाळ्यात मोठं वादळ झालं की आपल्या किनाऱ्यांवर कधी मास्क्ड बूबी, कधी सूटी टर्न, कधी फ्रिगेटबर्ड येऊन पडतात. तीच मंडळी तिकडे त्यांच्या घरी भेटणार आहेत.

समुद्रातले दिवस

बेटं पाहायला आलेल्या प्रवाशांना दोन बेटांमधले दिवस कंटाळवाणे वाटतात. ते झोपतात, जेवतात, पत्ते खेळतात. पक्षीनिरीक्षकाची अर्धी सहल याच दिवसांत असते. त्यातलेही सर्वांत मोलाचे तास पहाटे उजाडल्यापासून नाश्त्यापर्यंतचे आणि दुपारी चारनंतर अंधार पडेपर्यंतचे.

उभं राहायचं ते पुढच्या डेकवर, पाण्यापासून फार उंच नाही अशा जागी, आणि शक्यतो सावलीच्या बाजूला. सूर्य समोर असला तर सगळे पेट्रेल काळेच दिसतात. जहाजाचं तोंड म्हणजे बारा वाजले असं धरून दिशा सांगायची सगळीकडे पद्धत आहे. ‘दोन वाजता, क्षितिजाच्या खाली, डावीकडे जातोय’ एवढं ओरडलं की बाजूचा माणूस बरोबर तिकडेच पाहतो. भाषा वेगळी असली तरी हे समजतं.

उष्ण कटिबंधातलं हे निळं पाणी दिसायला सुंदर, पण अन्नाने गरीब. म्हणून तासन्‌तास एकही पक्षी दिसत नाही. तेव्हा डेक सोडून जाऊ नका. ट्युना माशांचे थवे खालून बारीक मासे वर रेटतात तिथे पक्षी एकदम गोळा होतात. क्षितिजावर ठिपक्यांची हलती रांग दिसली की कॅप्टनच्या माणसाला सांगा. मोहीम-जहाजावर वेळ असेल तर ते थोडं वळतात. सूटी टर्न, नॉडी, वेज-टेल्ड शिअरवॉटर आणि वर घिरट्या घालणारे फ्रिगेटबर्ड एकाच जागी दिसतात. फ्रिगेटबर्डची पिसं पाण्यात भिजतात, म्हणून तो समुद्रात उतरत नाही. दुसऱ्याने पकडलेला मासा हवेतच हिसकावून घेतो.

पुढच्या डेकवर उभं राहण्याचं आणखी एक कारण म्हणजे रेड-फूटेड बूबी. जहाजाच्या तोंडावर आदळणाऱ्या हवेवर तो पंख न हलवता तरंगत राहतो, कठड्याच्या इतका जवळ की त्याच्या निळसर चोचीच्या बुडाचा गुलाबी रंगही दिसतो. मान खाली आणि नजर पाण्यावर. जहाज लाटेत घुसलं की उडणारे मासे पाण्यातून उसळून बाहेर पडतात आणि पृष्ठभागावरून सुसाट तरंगत जातात. बूबी एका अंगावर कलंडतो, पंख अर्धे मिटतो आणि माशाच्या मागे तिरका खाली जातो. कधी पाण्यात पडण्याआधीच मासा त्याच्या चोचीत असतो. कधी मासा शेवटच्या क्षणी बाजूला वळतो आणि बूबी पाण्यात आपटून, पंख झटकत वर येऊन पुन्हा त्याच जागी तरंगू लागतो. हे पाहायला दुर्बीण लागत नाही.

पेट्रेल ओळखणं कठीण आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मर्फीज, हेंडरसन, केरमाडेक आणि हेरल्ड हे चार गडद पेट्रेल एकाच पाण्यात दिसतात. आधी उडण्याची लय पाहा. पेट्रेल वाऱ्यावर उंच कमान घेत वर जातो आणि पुन्हा खाली येतो. शिअरवॉटर पाण्याला चिकटून जातो. मग पंखाची खालची बाजू. केरमाडेकच्या पंखाच्या वरच्या बाजूलाही पिसांचे पांढरे दांडे चमकतात. मर्फीजच्या चोचीखाली फिकट हनुवटी असते. हेंडरसन पेट्रेल जवळजवळ सगळाच एकसारखा तपकिरी. फोटो भराभर काढत राहा आणि ओळख संध्याकाळी, चार डोक्यांनी मिळून पटवा. खात्री नसेल तर वहीत नुसतं ‘पेट्रेल’ लिहा. चुकीच्या नावापेक्षा ते कितीतरी चांगलं. पॉलिनेशियन स्टॉर्म पेट्रेल मात्र दिसला की ओळखू येतो. तो पाण्यावर पाय मारत, स्वतःला ढकलत, उड्या घेत जातो.

बेटाजवळ पोहोचताना संध्याकाळ असेल तर जेवण उशिरा घ्या. दिवसभर समुद्रात असलेले बरेच पेट्रेल संध्याकाळी बेटाजवळ जमतात आणि त्यांतले कित्येक रात्र झाल्यावर घरट्याकडे जातात. एवढ्या जवळून ते पुन्हा दिसत नाहीत.

बोट लागण्याची भीती बऱ्याच जणांना असते. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची. ओकाऱ्या सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर मागा. नजर क्षितिजावर ठेवा आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे फोटो पाहत बसू नका. एसी केबिनमधून बाहेर आणलेल्या दुर्बिणीवर लगेच बाष्प धरतं. ती पहाटे अर्धा तास आधी पिशवीसकट बाहेर ठेवा. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने मीठ पुसा. कोरड्या कापडाने घासलं तर मिठाचे कण काच ओरबाडतात.

बेटावर उतरताना

मोहीम-जहाजावरून किनाऱ्याला रबरी झोडियाक बोटींनी जायचं असतं. खलाशाचा पंजा धरायचा नाही, कोपराखाली हात धरायचा. कॅमेरा कोरड्या पिशवीत ठेवून पिशवीचं तोंड नीट वळवून बंद करा. हेंडरसनला रीफमधल्या अरुंद वाटेतून लाट पाहून घुसावं लागतं आणि समुद्र चढा असेल तर उतरणं रद्द होतं. ते रद्द झालं तर वाद घालू नका. तेवढा वेळ बेटाभोवती बोटीतून फिरवा म्हणून मात्र मागा.

उतरण्याआधीच्या रात्री बूट, बॅगेचे कप्पे, टोपी आणि खिशांच्या शिवणी तपासायच्या. वेल्क्रोमध्ये बिया हमखास अडकतात. जहाजावर व्हॅक्यूम आणि ब्रश ठेवलेले असतात, ते उपचार म्हणून नव्हे तर मनापासून वापरा. ताहितीत लिटल फायर अँट नावाची इवलीशी, जहरी डंखाची मुंगी पसरली आहे आणि ती मातीच्या ढेकळातूनही दुसऱ्या बेटावर जाऊ शकते. खाऊ जहाजावरच राहू द्या. घरून नेलेल्या चिवड्यातले शेंगदाणे किंवा लाडवातले तीळ निर्मनुष्य बेटावर सांडायला नकोत. शाकाहारी असाल तर आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवा.

पायात जाड तळाचे बंद बूट. हेंडरसनचा प्रवाळखडक सुरीच्या पात्यासारखा कापतो. मार्केससमध्ये ‘नोनो’ नावाच्या बारीक माश्या चावतात आणि खाज कित्येक दिवस जात नाही, म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. नारळाच्या झाडाखाली बसू नका.

प्रवाळबेटाच्या किनाऱ्यावर तीन पक्ष्यांसाठी वेळ काढाच. पहिला सोन चिखल्या, तोच जो हिवाळ्यात आपल्या खाडीकाठी येतो. आर्क्टिक टुंड्रात वाढलेले हे पक्षी पॅसिफिकच्या बेटांवर गावातल्या मैदानांवर, अगदी धावपट्टीच्या गवतातही चालताना दिसतात. दुसरा ब्रिसल-थाइड कर्ल्यू. तो फक्त पश्चिम अलास्कात वीण करतो आणि तिथून एका दमात किमान चार हजार किलोमीटर समुद्र ओलांडून बेटांवर येतो. इथे पिसं झडताना बऱ्याच प्रौढांना काही काळ उडताच येत नाही. उंदीर, मांजर, कुत्रा नसलेल्या बेटांवरच हे परवडतं. प्रवाळाचा खडा चोचीने उचलून अंड्यावर फेकायचा आणि अंडं फोडायचं, हेही त्याला जमतं. असा हत्यार वापरणारा चिखलपक्षी दुर्मीळच. तो झाडीत पळत गेला तर पाठलाग करू नका, त्याला उडता येत नसण्याची शक्यता आहे.

तिसरी पांढरी सुरय, व्हाइट टर्न. ती घरटं बांधतच नाही. उघड्या फांदीवर जरासा खोलगट भाग किंवा गाठ पाहून तिथेच एकुलतं एक अंडं ठेवते. वारा सुटला की फांदी हलते, अंडं मात्र जागचं हलत नाही. पिल्लाचे पाय अंगाच्या मानाने मोठे आणि नखं धारदार; जन्मल्यापासून ते फांदीला घट्ट धरून बसतं. पण पालक दचकून भर्रकन उडाला तर धक्क्याने अंडं पडू शकतं. म्हणून पांढरी सुरय बसलेली दिसली की फांदीखाली जाऊन फोटो काढायचा नाही. थोडं लांब उभं राहा. तीच कुतूहलाने उडत येऊन तुमच्या डोक्यावर थबकेल, चोचीत चार-पाच बारीक मासे आडवे धरून.

वसाहतींचा नियमही असाच. सूटी टर्नचा थवा उठवला की वर टपून बसलेले फ्रिगेटबर्ड क्षणात पिल्लं उचलतात आणि उन्हात उघडी पडलेली अंडी तापतात. पक्षी उठायला लागले, म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ गेला आहात. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवू नका. ज्या जातीचे दोनशे पक्षी उरले आहेत, त्यातल्या एकाला खोट्या प्रतिस्पर्ध्यामागे धावायला लावायचा अधिकार आपल्याला नाही.

रात्रीचा दिवा

हे कोणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो. बेटांजवळ नांगर टाकलेल्या जहाजाचे दिवे पेट्रेल आणि स्टॉर्म पेट्रेलना खेचून घेतात. ते डेकवर आपटतात आणि त्यांना सपाट जागेवरून उडता येत नाही. केबिनचा पडदा सूर्यास्तालाच ओढा आणि शेजाऱ्यांनाही सांगा. सकाळी उठल्यावर डेकचे कोपरे, दोरखंडांच्या वेटोळ्यांमागची जागा आणि जिन्याखालचा भाग पाहा. पक्षी सापडला तर टॉवेलने अलगद उचलून पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाशी कोरडं कापड घालून ठेवा. झाकण लावा, दाणापाणी काही देऊ नका आणि जहाजावरच्या निसर्ग-अभ्यासकाला बोलवा. अंग कोरडं झालं आणि पक्षी जखमी नसेल, तर अंधारात, दिवे नसलेल्या बाजूने पाण्याजवळ नेऊन सोडतात. त्याच्यासोबत सेल्फी काढण्यात तेवढाच वेळ आणि त्याचं बळ वाया जातं.

नोंदी

समुद्रात ई-बर्डची यादी तासाच्या आत संपवून नवी सुरू करा, कारण तेवढ्या वेळात जहाज कितीतरी पुढे गेलेलं असतं. घड्याळाकडे लक्ष असू द्या. ताहिती भारताच्या साडेपंधरा तास मागे आणि मार्केसस ताहितीच्या अर्धा तास पुढे. फोन आपोआप बदलला नाही तर सगळ्या वेळा चुकतात. पक्षी न दिसलेल्या तासांच्याही नोंदी करा. त्या पाण्यात वर्षानुवर्षं कोणी दुर्बीण घेऊन उभं राहत नाही, त्यामुळे ‘काहीच नव्हतं’ ही माहितीसुद्धा अभ्यासकांना उपयोगी पडते. समुद्रातला प्लास्टिकचा कचराही लिहून ठेवा. निर्मनुष्य हेंडरसनच्या किनाऱ्यांवर सुमारे ३ कोटी ७७ लाख तुकडे असल्याचा अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता.

परतल्यावर फोटो आणि याद्या महिनाभरात अपलोड करा. नंतर ते होत नाही. आणि शक्य असेल तर क्रूझच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढून मानूसारख्या स्थानिक संस्थेला पाठवा. तेनारारोसारख्या बेटावर एक गाभण उंदरीण उतरली, तर तिती आणि तुतुरुरू दोन्ही काही वर्षांत संपू शकतात. तिला अडवण्याचं काम त्या संस्था करतात आणि त्याला पैसे लागतात.